पेढीची गाडी : डिझेल की पेट्रोल?

व्यापारी घरात गाडी घ्यावयाची म्हणजे डिझेलचीच, हा आपल्याकडे पिढीभर चालत आलेला संकेत. त्यामागे हिशेब होता. डिझेलचा भाव सरकारच्या नियंत्रणात असे. 2012 मध्ये पेट्रोल व डिझेल यांच्या दरांत लिटरमागे पंचवीस रुपयांहून अधिक अंतर होते. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले आणि पुढे हे अंतर निम्म्यावर आले. संकेत मात्र तसाच राहिला.

आता वही नव्याने मांडू. पेट्रोल 104 रुपये, डिझेल 91 रुपये लिटर धरा. पेट्रोलची गाडी लिटरला 16 किलोमीटर धावते, डिझेलची 20. किलोमीटरमागे बचत जेमतेम दोन रुपये. डिझेल गाडी एक लाख वीस हजारांनी महाग असेल, तर हे जादा भांडवल फिटण्यास 60,000 किलोमीटर हवेत, व्याज निराळेच. आठवड्यातून दोनदा सोलापूर-पुणे जाऊन येणाऱ्याचे ते सव्वा वर्षात फिटेल. घर ते दुकान रोज वीस किलोमीटर करणाऱ्यास दहा वर्षे लागतील.

आणि खरी अडचण तर पुढेच आहे. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज-6 लागू झाले व डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी आली. साठलेली काजळी धूर अतिशय तापला तरच जळते आणि त्यासाठी काही वेळ सलग वेगाने धावावे लागते. बाजारपेठेच्या गल्लीत तसे घडत नाही. सूचनेचा दिवा लागतो, आपण दारात इंजिन बंद करतो, गाळणी तुंबते. गाडी विकणारा हे आपणहून क्वचितच सांगतो!

टर्बो पेट्रोल इंजिनांनी घाटात दम लागण्याची जुनी तक्रार बरीचशी दूर केली आहे. मात्र वेगाने हाकल्यास ती इंधन सढळ हाताने पितात, आणि वीस टक्के इथेनॉलमुळे मायलेज थोडे घटते, तेही हिशेबात धरावे. सात माणसे, सामान आणि लांबचा पल्ला असेल, तर डिझेलच सरस.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला निश्चित कर्ककारकांत गणले. नव्या गाळण्या बहुतांश काजळी रोखतात. गोदामाच्या दारात इंजिन चालू ठेवून उभी असलेली आपली जुनी गाडी मात्र काहीच रोखत नाही, आणि तो धूर प्रथम आपल्याच हमालांच्या व मुलांच्या छातीत जातो.

नोंदणीपूर्वी सध्याच्या गाडीच्या मीटरवरील आकड्याला तिच्या वयाने भागून पाहावे. वर्षाला पंधरा हजारांच्या आत उत्तर आले, तर डिझेलचा आग्रह सोडण्यास हरकत नाही.