पणजोबांचा दाखला आणि आठ रकान्यांचा तक्ता

घरात बारावीचे वर्ष आले की मार्कांची काळजी असते तितकीच कागदांचीही असते. मुलाला राखीव जागेवर इंजिनिअरिंगला प्रवेश हवा असो, घरात कुणाला राखीव पदावर नोकरी मिळायची असो, की आपल्यातलीच एखादी नगरपरिषदेला राखीव वॉर्डातून उभी राहणार असो, नुसते जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही. त्याची पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र हाती यावे लागते. मैत्रिणींनो, हे म्हणजे घरच्या घरी करायचे एक संशोधनच असते. फरक इतकाच, की ते अपुरे राहिले तर मुलाची जागा जाते.

यासाठी महाराष्ट्रात 2000 सालचा कायदा आहे आणि त्यात पुराव्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर आहे. पुरावाही जुना लागतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा कागद असेल तर बाजू भक्कम होते. तोही वडिलांकडचा, म्हणजे वडील, आजोबा, पणजोबा किंवा चुलत घराण्यातला. इथे आपण बायकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. लग्नाने आडनाव बदलले तरी आपल्या स्वतःच्या दाखल्यासाठी कागद माहेरचेच लागतात. आई-बाबा आहेत तोवर ते विचारून घ्यावेत.

गेल्या वर्षी आमच्या घरी जाऊबाईंच्या मुलासाठी हा शोध चालला होता. भाऊजींना दुकान, यांना नोकरी. माझी शाळा अर्ध्या वेळेची, म्हणून काम माझ्याकडे आले. शाळेत मुलांच्या हजेरीचे तक्ते मी कॉम्प्युटरवर करतेच. तसाच एक तक्ता या कामासाठी केला. तुमच्या मोबाइलवरही तो होतो. नाहीतर दोनशे पानी वही आणि फूटपट्टी आहेच! दुधाचा खाडा आणि सिलिंडरची तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवणाऱ्या आपल्याला हे काही नवे नाही.

रकाने आठ ठेवा. 1) कुणाचा कागद आणि मुलाशी नाते. 2) कोणता कागद. 3) कोणत्या कचेरीत किंवा शाळेत. 4) कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे रजिस्टर पाहायचे. 5) काय निष्पन्न झाले. 6) कागदावर नाव व जात कशी लिहिली आहे. 7) पुढचे काम आणि तारीख. 8) नक्कल घरात कुठे ठेवली.

नियम एकच : एका ओळीत एकच कागद. ‘आजोबांचे कागद बघणे’ अशी ओळ लिहिली तर ती वर्षभर तशीच राहते. ‘आजोबा, पहिलीचा प्रवेश, दाखल-खारीज रजिस्टर, अमुक शाळा, 1950 ते 1954’ असे लिहिले की कुणालाही ते काम सांगता येते. आपल्या विदर्भात तीन ठिकाणे महत्त्वाची. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जन्ममृत्यूची कोतवाल पंजी आणि जमिनीचे जुने अभिलेख. कोतवाल पंजीत पुष्कळदा बाळाचे नावच नसते, नुसते बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. म्हणून भावंडांचा क्रम आणि जन्मसाले वंशावळीत आधी मांडून घ्यावीत.

पाचवा रकाना कधी कोरा सोडू नका. ‘मिळाला नाही’ हीसुद्धा माहितीच आहे. पण नुसते ‘नाही’ लिहू नये, कोणत्या सालांची पाने पाहिली तेही लिहावे. आमच्या तक्त्यात सासऱ्यांच्या नावापुढे पाच वेळा ‘नाही’ आले. त्या पाचही ओळी एकाखाली एक पाहिल्या तेव्हा दिसले, की सगळ्या वरोऱ्याच्याच आहेत. मग सासूबाईंना विचारले. त्या चटकन म्हणाल्या, “अगं, ते लहानपणी मामाकडे भांदकाच्या बाजूला होते ना!” सहावी ओळ लिहिली. त्या खेड्यातल्या शाळेत 1952 सालचा प्रवेश सापडला, जातीच्या नोंदीसकट. प्रवेशाची मुदत संपण्याआधी वैधता प्रमाणपत्रही आले. म्हणून सांगते, तक्त्यात एक ओळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी राखा. त्यांची आठवण समितीपुढे पुरावा होत नसेल, पण पुरावा कुठे आहे ते तीच सांगते.

गावांची नावेही जपून लिहावीत. आज भद्रावती तालुक्यात असलेले भांदक जुन्या कागदांत वरोरा तहसिलीत मिळते. चंद्रपूर हे तेव्हा चांदा होते, आणि गडचिरोली जिल्हा तर 1982 साली वेगळा झाला. 1956 पर्यंत आपण मराठी राज्यात नव्हतो, मध्य प्रदेशात होतो. कागदावर तेच नाव दिसले तर गोंधळू नका.

सहाव्या रकान्यात शुद्धलेखन सुधारू नका. कागदावर ‘गणपत’ असेल तर गणपत, ‘गणू’ असेल तर गणूच लिहा. तिथे फरक दिसला की प्रतिज्ञापत्रात काय खुलासा करायचा ते वेळेत कळते. आणखी एक बारीक गोष्ट. एक्सेल 1900 च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखत नाही, म्हणून साल वेगळ्या रकान्यात नुसत्या आकड्यात लिहावे. सालाप्रमाणे ओळी लावल्या की सर्वांत जुना पुरावा आपोआप वर येतो.

सातव्या रकान्यातली तारीख उलटली आणि नक्कल आली नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. त्या अर्जाचीही तक्त्यात वेगळी ओळ करावी.

काम झाले की तक्ता पुसू नका. वडिलांकडच्या एका रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळाली की पुढच्या भावंडांना तिचा मोठा आधार होतो. तक्त्याची एक प्रत दिराकडे, एक नणंदेकडे पाठवून द्या. मूळ कागद प्लॅस्टिकच्या फाइलीत घालून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा आणि त्यांवर तक्त्यातला क्रमांक टाका. आणि बारावीची वाट पाहू नका बरं! मूल आठवीत असतानाच पहिली ओळ लिहा. दिवाळीच्या सुट्टीत सगळे एकत्र जमतील तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी ही वहीही ठेवा.