दिवे, बैल आणि मागाचा धोटा

आषाढातली मंगाईची जत्रा होऊन गेलेली, बाहेर पावसाची झड आणि गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट. वडगावात आमच्याकडे दिव्यांची अवस येते ती अशी. समया-निरांजनं घासून पाटावर मांडली की नातवंडं स्वयंपाकघरात ठाण मांडतात. कारण त्यांना ठाऊक असतं, आज कणीक खेळायला मिळणार.

बाजारातून काही आणावं लागत नाही. 2 वाट्या कणीक, 2 चमचे रवा, पाऊण वाटी चिरलेला गूळ, 2 चमचे तूप, चिमूटभर मीठ, किसलेलं जायफळ. गूळ काळसरच घेते. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा, पण तो रंग पुष्कळदा हायड्रोस घालून आणलेला असतो. अर्ध्या वाटी कोमट पाण्यात गूळ विरघळवून गाळून घ्यायचा. गाळण्याचं काम धाकटीचं. गाळणीत उसाच्या चोयट्या सापडल्या की ती त्या मोजते.

गुळाचं पाणी एकदम ओतायचं नाही. गूळ कणकेला हळूहळू सैल करतो. आत्ता बेताची वाटणारी कणीक दहा मिनिटांनी हाताला चिकटते. म्हणून पुरीपेक्षाही घट्ट मळायची. सैल झाली तर वाफेत दिव्याचे काठ फाकतात आणि दिव्याची थाळी होते. एका वर्षी आमच्या सगळ्या दिव्यांच्या थाळ्या झाल्या होत्या.

"आज्जी, तांदळाच्या पिठाचे का नाही गे?" थोरल्याने विचारलं. प्रश्न बरोबरच होता, घरात डबाभर तांदूळ असताना. गव्हात चिकटा असतो, तो पाणी लागलं की पीठ धरून ठेवतो. तांदळात तो नाही; त्याला आधी उकड काढावी लागते. उकड गरम असतानाच मळायची, आणि ते पोरांच्या हाती देता येत नाही. कणकेत मात्र वाफेपर्यंतचं सगळं त्यांनी करावं. मी मध्ये बोलत नाही, निदान तसा प्रयत्न करते.

तरी दिवे चारच झाले. मग बैल आला, नाग आला. थोरल्याने दोन्ही टोकांना निमुळता असा लांबट गोळा वळला आणि म्हणाला, धोटा. मागावर धोटा इकडून तिकडे पळताना तो रोज बघतो.

पातेल्यात पाण्याला उकळी आली की तूप लावलेली चाळण ठेवायची. झाकणाला फडकं बांधते, नाहीतर वाफेचं पाणी टपकून दिव्यांवर चट्टे पडतात. 15 मिनिटांनी सुरी टोचून पाहिली. दिव्यांतून कोरडी निघाली, धोट्यातून पीठ घेऊन आली. आणखी 10 मिनिटं ठेवला तरी पोट कच्चंच.

थोरला हिरमुसला. मी म्हटलं, खरा धोटा असा भरीव असतो काय रे? तो थांबला. धोट्याच्या पोटात कांडी बसते, तिच्यासाठी जागा असते. त्याने उरलेल्या कणकेचा नवा धोटा केला, अंगठ्याने पोट कोरलं आणि आत शेवयांची काडी ठेवली, सूत म्हणून. हा 15 मिनिटांत शिजला. दिव्याला खळगा तुपासाठीच असतो असं मीही इतकी वर्षं धरून चालले होते. पण खळग्यामुळेच तो सगळीकडून सारखा शिजतो.

दिवे ओवाळून झाले, वाती काढल्या, गरम दिव्यात पुन्हा तूप घातलं. धाकटीने बैलाचे पाय आधी खाल्ले. धोट्याचं पोटही तुपाने भरलं.

उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी चिरून तव्यावर तुपात परतलं, कडा खरपूस होईपर्यंत. शाळेच्या डब्यात तेच गेलं. डबे रिकामे परत आले.