रूळ, आंस आणि भांडवल

उद्योगधंद्याची गोष्ट निघाली म्हणजे भांडवल, मजुरी, बाजारभाव आणि जाहिरात यांविषयीं आपण पुष्कळ बोलतों. परंतु वस्तूची किंवा साधनाची आंखणी कशी असावी, हा प्रश्न बहुधा अगदीं शेवटीं, रंगारी बोलावण्याच्या वेळीं निघतो. आंखणी म्हणजे शोभा, आणि शोभा म्हणजे पदरीं चार पैसे उरल्यास करावयाची हौस, असा हा समज आहे. तो किती खोटा आहे हें पाहण्यासाठीं फार दूर जावयास नको. पुणें-सोलापूर हमरस्त्यावरील टेंभुर्णीहून सुमारें वीस किलोमीटरवर कुर्डुवाडी आहे. तेथील आगगाडीच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर लोखंडांत घडवून ठेवलेलें आढळतें.

कुर्डुवाडीच्या स्टेशनास पूर्वीं ‘बार्शी रोड’ म्हणत. नांवांतच अडचण सांगितलेली होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा साडेपांच फुटी मार्ग येथून जाई, आणि बार्शीची मोठी बाजारपेठ एकवीस-बावीस मैल आंत राहिली होती. रुंद मार्गाचा फांटा काढावा, तर एका पेठेच्या मालावर त्या भांडवलाचें व्याज निघणें कठीण. न काढावा, तर बैलगाडीचें भाडें व्यापाऱ्याच्या, आणि अखेरीस शेतकऱ्याच्याच माथीं. इ. स. १८८२ मध्यें त्या रेल्वेच्या नोकरींत आलेल्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज एंजिनियरानें ही कोंडी ओळखली. १८९५ मध्यें बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली, आणि १८९७ मध्यें अडीच फुटी मार्गावरून बार्शीस गाडी गेली.

मार्ग अरुंद केला म्हणजे तो स्वस्त होतो, एवढें कोणासही सुचेल. कॅल्थ्रॉपची बुद्धि याच्या पुढें गेली, आणि त्याचा विचार नीट समजून घेण्याजोगा आहे. रूळ किती जाड असावा, हें मुख्यतः गाडीच्या एकंदर वजनावर ठरत नाहीं. एकेका आंसावर अधिकांत अधिक किती भार पडतो, यावर ठरतें. साधारण आगगाडींत एंजिनाचे आंस फार भार टाकीत आणि वाघिणींचे त्या मानानें थोडा. म्हणजे सगळा मार्ग बळकट करावयाचा तो एकट्या एंजिनासाठीं, आणि पैसे मिळवून देणारा माल मात्र त्या बळकटीचा अर्धामुर्धाच उपयोग करणार! हत्तीच्या वजनाच्या हिशेबानें वाडा बांधून त्यांत शेळ्या ठेवण्यासारखेंच हें झालें. कॅल्थ्रॉपनें नियम केला कीं, एंजिन असो वा वाघीण असो, कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये, आणि भरलेल्या वाघिणीचा आंस या मर्यादेपर्यंत पुरता कामास यावा. त्यामुळें दर यार्डास ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. रुळाचा खर्च मैलागणिक वाढणारा. तेव्हां येथें वांचलेला प्रत्येक पौंड प्रत्येक यार्डास वांचला.

आंसावरचा भार कमी केल्यास एंजिन ओढील काय, अशी शंका येईल. लीड्सच्या किटसन कंपनीनें बांधलेल्या पहिल्या एंजिनांत हा भार एकमेकांस जोडलेल्या आठ चाकांवर वांटला होता. मागें आणखी चार चाकें होतीं. जोडलेल्या चाकांवर मिळून पुरेसा भार असला म्हणजे तीं घसरत नाहींत व ओढ मिळते. वाघिणींचा हिशेब याहून सोपा आहे. चार आंसांवर मिळून वीस टन. त्यांतून वाघिणीचें स्वतःचें वजन वजा जातां उरेल तितका माल. म्हणून सांगाड्यांतून कमी झालेला प्रत्येक टन हा भाडें देणारा टन होतो. लीड्स फोर्ज कंपनीनें पोलादाचा पत्रा दाबयंत्रांत दाबून, त्याच्या कडा वळवून हे सांगाडे तयार केले. कडा वळविल्यानें पातळ पत्राही ताठ राहतो, हें आपल्या स्वयंपाकघरांतील परात पाहिली तरी ध्यानांत येईल. वाघिणी निरनिराळ्या, पण त्यांखालीं पंचवीस फुटांचा सांगाडा एकच. त्यामुळें सुटे भाग एकमेकांस लागूं शकत आणि कोठारांत पडून राहणारें भांडवल घटे. १८९६ मध्यें ही सामग्री लीड्सजवळ न्यूले येथें रूळ टाकून प्रत्यक्ष चालवून दाखविण्यांत आली. माझ्या मतें या सर्व प्रकरणांतील सर्वांत शहाणपणाचा खर्च तोच.

यांत शोभेचा भाग कोठें आहे? आंखणी हेंच येथें व्यापारी धोरण होतें. ती नसती तर कंपनीस धंदाच नसता. पुढें हा मार्ग १९११ मध्यें लातूरपर्यंत, आणि पंढरपूरवरून १९२७ मध्यें मिरजेपर्यंत गेला. (कॅल्थ्रॉप मोठा विलक्षण गृहस्थ. त्यानें पुढें वैमानिकांसाठीं पॅराशूट तयार केलें, आणि अरबी घोड्यांची पैदासही केली.)

तथापि एक उणीव या आंखणींतून सुटली नाहीं. अडीच फुटी वाघीण साडेपांच फुटी रुळांवर जाऊं शकत नाहीं. म्हणून कुर्डुवाडीस प्रत्येक पोतें एका गाडींतून उतरून दुसरींत चढवावें लागे. त्यांत हमाली, खोळंबा आणि सांडलवंड हीं आलींच. पुढें १९०४ मध्यें सुरू झालेल्या इंग्लंडांतील लीक व मॅनिफोल्ड रेल्वेवर कॅल्थ्रॉपनें रुंद मार्गाची अख्खी वाघीणच अरुंद गाडीवर चढवून नेण्याची योजना केली, यावरून ही अडचण त्याच्या ध्यानांत होती हें दिसतें. बार्शीची रेल्वे १९५४ मध्यें सरकारनें घेतली, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीं टप्प्याटप्प्यानें ती रुंद झाली.

उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झाल्यावर टेंभुर्णीच्या आसपासचें शिवार पालटलें. आतां तेथील केळीं खोक्यांत भरून परदेशीं जातात, आणि तोच जुना हिशेब पुठ्ठ्याच्या खोक्यांत पुन्हा मांडावा लागतो. खोक्याचें वजन वाढलें तर भाडें वाढतें. तें फार हलकें केलें तर वरच्या थरांखालीं खालचीं खोकीं दबतात. थंड हवेसाठीं भोकें हवींत, पण भोकांनीं बाजू दुबळी होते. आणि लांबीरुंदी वाहनाच्या व शीतपेटीच्या मापांत नीट बसली नाहीं, तर प्रत्येक खेपेस रिकाम्या जागेचें भाडें भरावें लागतें. मात्र कुर्डुवाडीच्या पोत्यांस जें साधलें नाहीं तें या खोक्यास साधतां येतें: बागेजवळ एकदां भरलेला घड विकणाऱ्याच्या दुकानापर्यंत हात न लागतां जाऊं शकतो.