गो-कार्टचा पिकअप आणि बेल्टची चढउतार

सीव्हीटी म्हणजे दोन पुली आणि त्यांच्यावर फिरणारा एक बेल्ट. दातांचे गिअर तिच्यात नसतात. प्रत्येक पुली दोन तिरप्या तबकड्यांची असते. तबकड्या जवळ आल्या की बेल्ट काठाकडे चढतो, लांब गेल्या की मध्याकडे उतरतो. इंजिनाची रेस वाढली की बाहेर फेकल्या जाणाऱ्या वजनांच्या जोराने इंजिनावरची पुली मिटत जाते. मागची पुली स्प्रिंगने मिटलेली असते आणि बेल्टच्या ताणाने उघडते. कार्ट उभी असताना बेल्ट पुढे तळाशी आणि मागे काठावर असतो. चालकाचा पहिला गिअर तो हाच.

आर्ट इंगल्सने १९५६ साली कॅलिफोर्नियात बनवलेल्या पहिल्या गो-कार्टमध्ये असले काही नव्हते. मोटारीत ही रचना १९५८च्या डच डाफ ६०० ने रुळवली. मराठी वाचकाच्या ओळखीची ती १९८०च्या दशकातल्या कायनेटिक होंडापासून. मात्र स्कूटरमध्ये मागच्या पुलीला वेगळा क्लच असतो. अमेरिकेतल्या हौशी कार्टना लावली जाणारी कॉमेट कंपनीची टीएव्ही-२ ही सीव्हीटी तसा क्लच ठेवत नाही. तिथे सैल बेल्टच क्लचचे काम करतो, आणि चूक झाली की जळतोही तोच.

पिकअप कमी वाटला की लोक आधी स्प्रिंग बदलतात. खरे तर आधी मागच्या पुलीकडून अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या साखळीच्या दोन्ही स्प्रॉकेटचे दाते मोजावेत. टीएव्ही-२ चे गुणोत्तर साधारण २.७ पासून ०.९ पर्यंत बदलते. पुलीकडच्या स्प्रॉकेटवर १० आणि अ‍ॅक्सलवर ६० दाते असतील तर निघताना एकूण गुणोत्तर १६.२ होते. अ‍ॅक्सलवर ७२ दाते बसवले की ते १९.४ वर जाते, म्हणजे ओढ २० टक्क्यांनी वाढते. किंमत वेगात मोजावी लागते: ३३ सेंटिमीटर व्यासाच्या चाकांवर ३६०० आरपीएमला ताशी सुमारे ४२ किलोमीटर जाणारी कार्ट ३५ वर थांबते.

यानंतर पुढच्या पुलीची पाळी. होंडा जीएक्स-२०० सारख्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क २५०० आरपीएमच्या आसपास मिळतो, म्हणून बेल्टने पकड त्याच्या जरा आधी किंवा तिथेच घ्यावी. वजनांभोवतीची स्प्रिंग कडक केली की पकड उशिरा येते, वजने जड केली की लवकर. कॅमशाफ्ट बदलून वरच्या रेसवर ताकद काढलेल्या इंजिनाला कडक स्प्रिंग मानवते. मूळ इंजिनाला तीच लावली तर टॉर्कचा माथा ओलांडल्यावर पकड येते, बेल्ट घसरतो आणि रबर जळाल्याचा वास सुटतो. आयडल रेस पकडीच्या खाली, जीएक्स-२०० ला सुमारे १४०० आरपीएमवर ठेवावी. नाहीतर ब्रेक दाबून उभ्या कार्टमध्येही बेल्ट घासत राहतो.

मागच्या पुलीची स्प्रिंग वेगळ्या भोकात अडकवून तिचा पीळ वाढवता येतो. पीळ वाढला की बेल्ट खालच्या गुणोत्तरात जास्त वेळ टिकतो आणि चढावर चटकन तिथे परततो. हे परतणे एकट्या स्प्रिंगचे काम नव्हे: चाकावर भार आला की आतला तिरपा कॅम पुलीला आणखी मिटवतो. पीळ अति झाला तर सपाट रस्त्यावर इंजिन नुसते ओरडते, कार्टचा वेग वाढत नाही.

हे सगळे करूनही फरक पडला नाही, तर दोष बहुधा बेल्टचा असतो. झिजून अरुंद झालेला बेल्ट मागच्या पुलीत काठावर न राहता खोल बसतो आणि पहिला गिअर हाताशी येतच नाही. ही झीज डोळ्यांना सहज चकवते. रुंदी नव्या बेल्टशी मोजूनच पाहावी. दोन्ही पुली एका रेषेत हव्यात. तबकड्यांवर तेल-ग्रीस चालत नाही. सरकणाऱ्या बुशला मात्र कोरडे ग्रॅफाइट लागते, कारण बुश अडकला की वजने पुली मिटवू शकत नाहीत. नवा बेल्ट आणि साफ पुली यांनीच पुष्कळदा गेलेला पिकअप परत येतो.

साडेसहा अश्वशक्तीच्या कार्टला माती, गवत आणि चढ यांसाठी ७२ दाते आणि मूळ स्प्रिंग हीच जोडी योग्य. डांबरी सपाट ट्रॅकवर ६० दाते पुरतात.