आधी यादी, मग हुकूम

मुलाला अठरा पूर्ण झाली त्याच महिन्यात आमच्या न्यू जर्सीच्या घरी एक कार्ड आलं. पाठवणारं खातं होतं सिलेक्टिव्ह सर्व्हिस सिस्टीम, म्हणजे सैन्यभरतीसाठी तरुणांची यादी ठेवणारं सरकारी खातं. वाढदिवसानंतर तीस दिवसांत नाव नोंदव, एवढाच निरोप. ‘आई, म्हणजे मला लढाईला नेणार?’ त्याने विचारलं. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो, नियम वाचले, वाद घातला आणि मग त्याने फॉर्म भरला.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर आज तरी ‘नाही’ असं आहे. अमेरिकेतली सक्तीची सैन्यभरती, म्हणजे ड्राफ्ट, १९७३ मध्ये थांबली. त्याआधी, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांच्या ३६६ चिठ्ठ्यांची सोडत निघाली होती. पहिली चिठ्ठी १४ सप्टेंबरची निघाली. त्या तारखेला जन्मणं एवढ्यावरच हजारो मुलांचं भवितव्य टांगणीला लागलं. १९७५ मध्ये नोंदणीही बंद झाली. पण सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर १९८० मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ती पुन्हा सुरू केली. भरती नाही, यादी मात्र तयार, असा हा कारभार तेव्हापासून चालू आहे. प्रत्यक्ष भरतीसाठी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, आधी कायदा बदलावा लागेल.

इथल्या मराठी घरांनी एक फरक नीट समजून घ्यावा. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर वैधपणे राहणाऱ्या मुलाला नोंदणी लागू नाही. ग्रीन कार्ड असेल तर १८ ते २५ वयाच्या मुलाला ती बंधनकारक आहे. मुलींना नाही. नाव न नोंदवणं हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. १९८६ नंतर कुणावर असा खटला झालेला नाही, पण केंद्र सरकारची नोकरी आणि नागरिकत्वाचा अर्ज यामुळे अडू शकतो.

मला काळजी आहे ती या यादीची. १९८४ मध्ये याच खात्याने न नोंदवलेली मुलं शोधण्यासाठी एका आइस्क्रीम पार्लरची वाढदिवसाची यादी दलालामार्फत मिळवली. वाढदिवसाला फुकट आइस्क्रीम मिळावं म्हणून कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांनी काही वर्षांपूर्वी तिथे एक खोटं नाव लिहिलं होतं. त्या जगात नसलेल्या मुलाच्या नावाने सैन्यनोंदणीचं पत्र आलं, तेव्हा हा प्रकार उघड झाला. आइस्क्रीमसाठी दिलेली जन्मतारीख सैन्यापर्यंत पोचली होती.

याहून भयंकर उदाहरणही याच देशातलं आहे. १९४० च्या जनगणनेत लोकांनी विश्वासाने माहिती दिली. १९४२ मध्ये तीच माहिती, जपानी वंशाची कुटुंबं कोणत्या वस्तीत राहतात हे हुडकायला उपयोगी पडली. सुमारे १ लाख २० हजार माणसं छावण्यांत डांबली गेली. यादी ज्या कामासाठी होते, त्या कामापुरती ती राहत नाही.

आता २०२५ च्या अखेरीस झालेल्या संरक्षण कायद्याने पुढचं पाऊल टाकलं आहे. सरकारी नोंदी एकमेकींशी जुळवून मुलांची नावं आपोआप यादीत जातील. कुणी विसरणार नाही आणि विसरल्याची शिक्षाही भोगणार नाही, हा त्यातला फायदा मला मान्य आहे. देशाने संकटात तरुणांना हाक मारावी, हेही मला मान्य आहे. पण हाक मारायची तर समोर येऊन मारावी. कोणती नोंद कुठून घेतली ते मुलाला सांगावं, ती दुसऱ्या कशालाही वापरायला कायद्याने बंदी असावी.

त्या संध्याकाळी माझ्या मुलाने विचार करून स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. त्याच्यामागून येणाऱ्या मुलांना टेबलाशी बसून भरायला फॉर्मच नसेल. मग आईला तो प्रश्न विचारायची वेळ त्यांच्यावर कधी येईल? हुकूम हातात पडल्यावर?