विद्यापीठीय फुटबॉलमधील बलाबल

खेळाचा निकाल मैदानावर लागतो, ही समजूत खरी असली तरी अपुरी आहे. एका सामन्याचा निकाल मैदानावर लागतो. परंतु एखाद्या प्रदेशातील संघांनी दहापंधरा वर्षे सातत्याने जिंकत राहावे आणि पुढे त्यांच्याच वाट्याला तितकेच सातत्यपूर्ण पराभव यावेत, असे जेव्हा घडते, तेव्हा त्याची कारणे मैदानाच्या कुंपणाबाहेर शोधावी लागतात. ती जनगणनेच्या आकड्यांत, न्यायालयांच्या निर्णयांत, समाजाच्या रूढींत आणि पैशाच्या करारमदारांत दडलेली असतात. अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलचा इतिहास हे याचे उत्तम उदाहरण होय.

हा फुटबॉल म्हणजे कलकत्त्याच्या मैदानावर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल खेळतात तो नव्हे. लांबट चेंडू छातीशी धरून धावत सुटणे, तो पुढच्या सहकाऱ्याकडे फेकणे आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्याला अंगाने अडवून खाली पाडणे, असे त्याचे आजचे स्वरूप आहे. १८६९ च्या नोव्हेंबरात न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन विद्यालयांत झालेला सामना या परंपरेतील पहिला मानला जातो. भारतातील आंतरविद्यापीठीय सामन्यांचा अनुभव असलेल्या श्रोत्याला तेथील लोकप्रियतेची कल्पना सहजासहजी येणार नाही. मिशिगन विद्यापीठाचे १९२७ साली उघडलेले क्रीडांगण आज एक लाखाहून अधिक प्रेक्षकांना सामावून घेते, आणि तेही भरलेले असते.

इतक्या मोठ्या देशात प्रत्येक विद्यापीठाने प्रत्येकाशी खेळणे अशक्य; म्हणून शेजारच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन मंडळे स्थापन केली. यांनाच तेथे 'कॉन्फरन्स' म्हणतात. मंडळातील संघ आपसांत खेळतात, आपला विजेता ठरवतात आणि सामन्यांचे उत्पन्न नियमाप्रमाणे वाटून घेतात. या मंडळांपैकी अत्यंत प्रतिष्ठित असे मध्यपश्चिमेतील मंडळ १८९६ साली सात विद्यापीठांनी स्थापन केले. पुढे ते 'बिग टेन' या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच्या मूळ अधिकृत नावात 'प्राध्यापक-प्रतिनिधी' असा शब्द होता. खेळावर अध्यापकांचा अंकुश असावा, हा त्यामागील हेतू. दक्षिणेतील तेरा विद्यापीठांनी १९३२ साली जुन्या मंडळातून फुटून 'आग्नेय मंडळ' उभारले. पॅसिफिक किनाऱ्यावरचे मंडळ १९१५ चे, आणि अटलांटिक किनाऱ्यावरचे १९५३ चे.

या मंडळांचे परस्परांशी बलाबल कसे मोजावे, हा प्रश्न अवघड आहे; कारण त्यांच्या संघांच्या गाठी वारंवार पडत नाहीत. परंतु इतिहासाने एक सोयीची मोजपट्टी पुरवली आहे. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे दरवर्षी नववर्षाच्या सुमारास 'रोझ बोल' हा सामना होतो. १९४७ पासून अनेक दशके करारान्वये या सामन्यात बिग टेन मंडळ आणि पॅसिफिक किनारा यांचेच प्रतिनिधी उतरत असत. दोन पक्ष तेच, स्थळ तेच, ऋतू तोच. १९४७ ते १९५९ या तेरा सामन्यांपैकी बारा बिग टेनने जिंकले. १९५३ सालचा एवढाच काय तो अपवाद. उलट १९७० ते १९८७ या अठरा सामन्यांपैकी सोळा पॅसिफिक किनाऱ्याच्या संघांनी जिंकले. अवघ्या तीन दशकांत पारडे असे पूर्णपणे फिरले.

याचे एक कारण लोकसंख्येच्या स्थलांतरात आहे. मिशिगन, ओहायो, इलिनॉय ही पोलाद आणि मोटारगाड्यांच्या कारखान्यांची राज्ये महायुद्धानंतरच्या पहिल्या काळात भरभराटीत होती. तेथील कामगारवस्त्यांतून धिप्पाड आणि कष्टाळू तरुण विद्यापीठांना लाभत. पुढे माणसांचा ओघ पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे वळला. १९७० च्या जनगणनेत कॅलिफोर्निया हे न्यूयॉर्कला मागे टाकून सर्वाधिक लोकसंख्येचे राज्य ठरले. शाळकरी मुले जेथे वाढतात, तेथेच उद्याचे खेळाडू वाढतात, हे सांगण्यास क्रीडातज्ज्ञाची गरज नाही.

दुसरे कारण अंतर्गत असावे. १९६९ ते १९८१ या सलग तेरा वर्षांत बिग टेनतर्फे रोझ बोलमध्ये केवळ ओहायो स्टेट आणि मिशिगन ही दोनच विद्यापीठे गेली. घरात या दोघांना तोडीचा प्रतिस्पर्धी नव्हता; उरलेली आठ विद्यापीठे जणू त्यांची मांडलिक झाली होती. चेंडू फेकण्यापेक्षा तो घेऊन धावण्यावर भर देणारी त्यांची पद्धती मंडळात पुरेशी पडे. पॅसाडिनाला मात्र या तेरांपैकी तीनच सामने त्यांना जिंकता आले. घरातील निर्विवाद प्रभुत्व पुष्कळदा बाहेरच्या लढाईची तयारी करून देत नाही.

दक्षिणेची कहाणी अधिक गंभीर आहे. आग्नेय मंडळातील विद्यापीठांनी अनेक दशके कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या संघात प्रवेश दिला नाही. परिणामी दक्षिणेत जन्मलेले उत्तमोत्तम खेळाडू उत्तरेला जात. टेक्सासमधील बोमॉन्ट गावचा बबा स्मिथ मिशिगन स्टेट विद्यापीठात गेला आणि १९६६ च्या त्या संघाचा आधारस्तंभ ठरला. म्हणजे दक्षिणेचा अन्याय हे उत्तरेच्या बळाचे एक कारण होते. आग्नेय मंडळाच्या सामन्यात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९६७ साली, केंटकी विद्यापीठाकडून; त्याचे नाव नेट नॉर्थिंग्टन. १९७० च्या सप्टेंबरात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मिश्र संघाने बर्मिंगहॅम येथे अलाबामाच्या केवळ गौरवर्णीय संघाचा ४२-२१ असा पराभव केला. या एका सामन्याने दक्षिणेचे डोळे उघडले, असे सांगण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला अलाबामाने त्याआधीच शिष्यवृत्ती देऊन घेतले होते. प्रथम वर्षात असल्यामुळे नियमानुसार तो त्या सामन्यात खेळू शकला नाही, इतकेच. तथापि बंद दार उघडल्यावर काय घडले हे निर्विवाद आहे. जी मुले पूर्वी घर सोडून जात, ती घरीच राहू लागली. २००६ ते २०१२ या सलग सात हंगामांत राष्ट्रीय अजिंक्यपद आग्नेय मंडळातील विद्यापीठांकडेच राहिले. या यशाची इतर कारणेही आहेत. परंतु दार बंद असते, तर ते संभवनीय नव्हते.

तिसरी शक्ती दूरचित्रवाणीची. एकोणीसशे पन्नाशीपासून किती सामने दाखवावेत आणि एका विद्यापीठाने किती वेळा पडद्यावर यावे, हे राष्ट्रीय क्रीडासंघटना ठरवत असे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हे नियंत्रण व्यापारस्पर्धेच्या कायद्याविरुद्ध ठरवले. विरोधी मत नोंदवणाऱ्या न्यायमूर्तींपैकी बायरन व्हाइट हे तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते. ज्याने हा खेळ स्वतः खेळला होता, त्यालाच त्याच्या शैक्षणिक स्वरूपाची चिंता वाटावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. निर्णयाचा परिणाम असा झाला की, प्रक्षेपणाचे हक्क विद्यापीठांच्या आणि त्यांच्या मंडळांच्या हाती आले, आणि ज्या मंडळाचा प्रेक्षकवर्ग मोठा त्याचा खजिनाही मोठा होऊ लागला.

मग मंडळांची भूगोलाशी असलेली गाठ सुटू लागली. टेक्सासभोवतालचे नैर्ऋत्य मंडळ १९९६ साली विसर्जित झाले. बिग टेनमध्ये २०१४ साली अटलांटिक बाजूची रटगर्स आणि मेरीलँड आली, आणि २०२४ साली पॅसिफिक किनाऱ्यावरची चार विद्यापीठे आली. एकूण संख्या अठरा झाली, नाव मात्र 'दहां'चेच राहिले. याच वर्षी टेक्सास आणि ओक्लाहोमा यांना घेऊन आग्नेय मंडळ सोळांचे झाले. आणि स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया ही पॅसिफिककाठची विद्यापीठे चक्क अटलांटिक किनारा मंडळात दाखल झाली. रटगर्सच्या विद्यार्थ्याला मंडळांतर्गत सामन्यासाठी लॉस एंजेलिसला जायचे, तर सुमारे चार हजार किलोमीटर जावे लागते. श्रीनगर ते कन्याकुमारी हे सरळ अंतरही त्याहून पुष्कळ कमी आहे.

या उलथापालथीत जे मागे राहिले, त्यांचा विचारही केला पाहिजे. पॅसिफिक मंडळातील बारांपैकी दहा विद्यापीठे २०२४ साली बाहेर पडली तेव्हा ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच उरली. त्यांचे खेळाडू एकाएकी दुबळे झाले नव्हते. ती मोठ्या शहरांपासून दूर होती, त्यांचा प्रेक्षकवर्ग लहान होता, एवढाच त्यांचा दोष. २०२३ च्या हंगामात फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठाने तेराच्या तेरा सामने जिंकून अटलांटिक किनारा मंडळाचे विजेतेपद मिळवले. तरीही अजिंक्यपदासाठी निवडलेल्या चार संघांत त्याला स्थान मिळाले नाही, आणि एकेक पराभव पत्करलेल्या अलाबामा व टेक्सास यांना मिळाले. प्रमुख खेळाडू जखमी झाल्याने तो संघ पूर्वीसारखा राहिला नाही, असे निवडसमितीचे म्हणणे होते. पण न हरलेला संघ स्पर्धेबाहेर राहतो, हे सामान्य प्रेक्षकाला पटणे कठीण. पुढील हंगामापासून चारांऐवजी बारा संघांना प्रवेश मिळू लागला.

समतोल राखण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नव्हे. १९७३ साली प्रत्येक विद्यापीठाच्या फुटबॉल-शिष्यवृत्त्यांवर १०५ ची मर्यादा आली, आणि १९९४ पर्यंत ती ८५ वर उतरली. श्रीमंत विद्यापीठांना चांगले खेळाडू नुसते साठवून ठेवता येऊ नयेत, हा तिचा एक परिणाम झाला. २०२१ पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आणि स्वतःच्या नावलौकिकावर पैसा मिळवण्याचीही. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना उत्पन्नाचा वाटा थेट खेळाडूंना देण्याची परवानगी दिली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर एवढी होती. ज्यांच्या श्रमावर हा डोलारा उभा होता त्यांना मोबदला मिळणे न्याय्यच होय. मात्र तो देण्याची ऐपत सर्वांची सारखी नाही. २०२४ आणि २०२५ च्या जानेवारीत मिशिगन आणि ओहायो स्टेट यांनी अजिंक्यपद पुन्हा बिग टेनकडे नेले, हे लक्षात घेता पारडे अजूनही हलते आहे, हे खरे; पण ते हलते आहे ते मुख्यतः दोन धनाढ्य मंडळांमध्ये.

स्पर्धा हा एक विलक्षण व्यवसाय आहे. दुकानदाराचा शेजारी बुडाला तर त्याला लाभ होतो. खेळाडूचा प्रतिस्पर्धी बुडाला तर त्याचा खेळच संपतो. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांशी खेळावे म्हणून ही मंडळे जन्माला आली होती. बलवानांनी एकमेकांना जवळ करून दुर्बलांना वगळले, तर सामने अधिक प्रेक्षणीय होतील. परंतु ज्या लहान गावच्या विद्यापीठात शनिवारी सारे गाव लोटते, त्या गावाला विजयाची आशा उरणार की नाही, हा प्रश्न शिल्लक राहील. बलाबल बदलते राहण्यातच त्या आशेला जागा असते. ही जागा राखण्याचे काम प्रशिक्षकाचे नव्हे. ते नियम करणाऱ्यांचे आहे.