निकाह, घर आणि दुकान : केपटाउनच्या कोकणी मुसलमानांची हकीकत

विश्रांतवाडी चौकातून येरवड्याच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात मध्यवर्ती कारागृहाचा परिसर लागतो. १९२३ साली याच तुरुंगात कैदी असताना गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास लिहून घ्यायला सुरुवात केली. त्या लढ्याच्या मुळाशी जी अनेक कारणे होती, त्यांत एका मुसलमान बाईच्या निकाहाचेही कारण होते.

तिचे नाव बाई मरियम. केप प्रांतात राहणारे हसन इसाप यांच्याशी तिचा भारतात रीतसर निकाह झाला होता. १९१२ मध्ये ती नवऱ्याकडे निघाली, तेव्हा तिला तिकडे उतरू दिले नाही. प्रकरण कोर्टात गेले. मार्च १९१३ मध्ये न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांना परवानगी आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह येथे ग्राह्य नाही. एका निकालाने हजारो मुसलमान, हिंदू आणि पारशी स्त्रिया कायद्याच्या नजरेत बायका उरल्या नाहीत. यानंतर स्त्रियाही सत्याग्रहात उतरल्या. डर्बनच्या फातिमाबाई मेहताब आणि त्यांच्या आई हनीफाबाई यांनी तुरुंगवास पत्करला. १९१४ च्या कायद्याने अखेर या विवाहांना मान्यता मिळाली.

परवान्यावर टांगलेला संसार

केपटाउनमध्ये आपल्या कोकणातलेही लोक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील मुसलमान तरुण बोटीने तिकडे जाऊ लागले. माणगाव तालुक्यातील मोर्बा गावाचे केपटाउनशी असलेले नाते तर प्रसिद्धच आहे. कोणी फळे-भाजी विकली, कोणी दुकानात नोकरी धरली, पुढे काहींनी स्वतःचे दुकान थाटले. कमावता माणूस परमुलखात आणि बायको-मुले गावी, हा संसार आज आखातात नोकरी करणाऱ्यांच्या घरांना वेगळा समजावून सांगायला नको.

पण गावी यायचे तर फोटो आणि अंगठ्याचा ठसा असलेला परवाना काढावा लागे. मुदत टळली की परतीचे दार बंद. आई आजारी आहे म्हणून थांबावे, तर रोजी जाते. रोजीसाठी निघावे, तर आई सुटते. १९५३ मध्ये आणखी एक कायदा आला आणि भारतात लग्न केलेल्या पत्नीला, मुलांना तिकडे नेण्याची वाटच जवळजवळ बंद झाली.

मोहल्ला उठला, गिऱ्हाईक गेले

१९५० च्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याने कोणी कुठे राहायचे आणि कुठे धंदा करायचा, हे वंशावरून ठरू लागले. एकाच मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे नमाजी सरकारी दप्तरात ‘मलाय’ आणि ‘इंडियन’ असे वेगळे झाले. केपटाउनचा ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हा गजबजलेला मोहल्ला ११ फेब्रुवारी १९६६ रोजी फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला. साठ हजारांहून अधिक माणसे तिथून हलवली गेली, घरांवर बुलडोझर फिरले. भारतीयांना रायलँड्ससारख्या वस्त्या नेमून दिल्या.

दुकानदाराची कमाई शेजाऱ्यांवर चालते. शेजारी गेले की दुकान शाबूत असूनही धंदा बुडतो, आणि उधारीची वहीही कोरी झाल्यासारखी होते. राजकीय जुलूम आणि आर्थिक तंगी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्या वेळच्या दुकानदाराला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

इमाम हारून

केपटाउनच्या क्लेअरमाँट भागातील मशिदीचे तरुण इमाम अब्दुल्ला हारून हे स्वतः कोकणी नव्हते. पण त्यांचे सांगणे सर्वांसाठी होते. हे कायदे इस्लामच्या विरुद्ध आहेत, असे ते उघड बोलत. आपल्या लोकांपेक्षा कृष्णवर्णीय आफ्रिकनांचे हाल अधिक आहेत, हे ओळखून ते लंगा, न्यांगा, गुगुलेथू या त्यांच्या वस्त्यांत जात आणि कैद्यांच्या कुटुंबांना मदत पोहोचवत. २८ मे १९६९ रोजी त्यांना अटक झाली. १२३ दिवसांनी कोठडीतच त्यांचा इंतकाल झाला. ते जिन्यावरून पडले, असे पोलिसांनी सांगितले. सुमारे चाळीस हजार लोक जनाज्याला लोटले. तो मृत्यू छळामुळे झाला, हे कोर्टाने मान्य करायला ऑक्टोबर २०२३ उजाडले. चोपन्न वर्षे!

डिस्ट्रिक्ट सिक्समधील मशिदी मात्र पाडल्या गेल्या नाहीत. दूरच्या वस्त्यांत फेकलेले नमाजी तिथे येत राहिले. २००४ मध्ये पहिल्या दोन वयोवृद्ध विस्थापितांना नव्या घराच्या किल्ल्या परत मिळाल्या.

आपल्या कोणाच्या घरी पेटीच्या तळाशी आजोबांचा जुना परवाना, आफ्रिकेहून आलेले पत्र असेल, तर ते रद्दीत देऊ नका. मुलांना दाखवा. आणि त्याबरोबर इमाम हारून यांचीही गोष्ट सांगा. आपल्यावर अन्याय झाला की आवाज उठवणे सोपे असते. शेजारच्याचा निकाह, घर किंवा दुकान धोक्यात आले तेव्हा आपण कुठे होतो, हा सवाल आपल्याला अल्लाहपुढे विचारला जाणार आहे.